दादाच्या पोटातली ताई

३ फेब्रुवारी

ताई,

अक्षर ओळखून हे पाकीट न फोडताच फेकायचा तुझा विचार असेल, तर आधी आतला फोटो काढून घे. लेक शाळेच्या नाटकात झाड झाली होती. झाडाला एकच काम होतं, गप्प उभं राहायचं, आणि तेच तिला जमलं नाही. कुणावर गेलीय ते तू सांगायला नको.

तुझा पत्ता तुझ्या जुन्या मैत्रिणीकडून काढला. तिच्यावर चिडू नकोस, मी तिच्या घरी ठाण मांडून बसले होते. टाइल्सच्या कारखान्याचं नाव आणि खाली 'भट्टी विभाग' एवढ्यावर पत्र पोचतं असं ती म्हणाली. फोन तर तू माझा कधीच बंद करून टाकलायस.

तुझी अट मला तोंडपाठ आहे. तब्येतीची चौकशी करायची नाही, त्या ऑपरेशनचं नाव काढायचं नाही, आणि 'पाणी प्यायलीस का' हे तर मुळीच विचारायचं नाही. तू हे दादाला त्याच्या चष्म्याच्या दुकानात सुनावलंस तेव्हा खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाला वाटलं, तू त्यालाच बोलतेयस. तो चष्मा न घेताच निघून गेला. तुझं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नव्हतं. दादानं तुझ्या जुन्या कारखान्यात परस्पर फोन करून 'बहिणीला भट्टीजवळ उभी करू नका, तिला एकच किडनी आहे' असं सांगायला नको होतं. उपकार फेडायची त्याची तीच एक रीत आहे, दुसऱ्याचा जीव नकोसा करायचा.

तर मी तब्येतीची चौकशी करत नाही. इकडे सगळं ठीक आहे. दादाच्या पायांना जरा सूज येते, पण दिवसभर दुकानात उभा असतो, त्यामुळे असेल. मागच्या आठवड्यात नेहमीच्या तपासणीला जाऊन आला. वहिनी बरी आहे.

असंच सहज लिहिलं. उत्तर दे.

तुझी,
चिमटी

१७ फेब्रुवारी

ताई,

'असंच सहज' यावर तुझा विश्वास बसला नसणार. लहानपणीसुद्धा मी चिमटा काढायच्या आधी असाच साळसूद चेहरा करायचे, म्हणून तर हे नाव पडलं.

खरं सांगते. नेहमीची तपासणी नव्हती. दादाची बायॉप्सी झाली. पाठीवर झोपवून पोटातून सुई घालून एक शेवईएवढा तुकडा काढला. तुकडा आला आमच्याच लॅबमध्ये. आमच्यात नियम आहे की घरच्या माणसाचा नमुना आपण हाताळायचा नाही. पण दुसरी टेक्निशियन बाळंतपणाच्या रजेवर आहे आणि लॅबच्या प्रमुख मॅडमनी चष्मा वर करून विचारलं, "तुझा हात थरथरणार नाही ना?" मी म्हटलं, "नाही." मग मीच मेणात बसवला, मीच कापला, मीच कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घेतला. नंतर जेवणाचा डबा मात्र न उघडताच घरी परत आला.

तू 'ते नाव काढायचं नाही' म्हणालीस. मी तुझ्याबद्दल काही लिहीत नाहीये, दादाबद्दल लिहितेय. त्याच्या किडनीत व्रण पडतायत. जखम भरताना कातडी कशी राठ होते, तसं आत होतंय. किडनीत बारीक नळ्या असतात, त्यांच्या पेशींमध्ये एक प्रोटीन असतं, त्यावरच आमच्या मॅडमचं गेली काही वर्षं संशोधन चाललंय. लॅबमध्ये त्याला आम्ही 'वॉचमन' म्हणतो. तो जागेवर असला की काचेवर आमच्या औषधानं पेशी तपकिरी रंगते. जिथे व्रण पडतो तिथला वॉचमन नाहीसा होतो आणि पेशी फिकी दिसते. तो गेला म्हणून व्रण पडतो की व्रण पडला म्हणून तो जातो, यावर मॅडम आणि किडनीच्या डॉक्टरीणबाई यांचं इतकं वाजतं की चहा गार होतो.

रिपोर्ट ऐकून मी तडक दुकानात गेले आणि दादावर तोंडसुख घेतलं. गोळ्या चुकवल्यास, म्हणून हे झालं. ज्यांना दुसऱ्याची किडनी बसवलीय त्यांनी गोळ्या चुकवायच्या नसतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. वहिनीच बोलली.

"चुकवतोय?" ती म्हणाली. "अहो, माझ्या वडिलांच्या तेराव्याला... बरं, जाऊ दे. गोळीची वेळ झाली म्हणून ह्यांनी मला रडतं सोडून आधी पाणी शोधलं. तुमच्या ताईची वस्तू आहे म्हणून हे शिंकतानासुद्धा पोटावर हात धरतात."

मी खजील होऊन परत आले. गोळ्या चुकवलेल्या नाहीत. मग व्रण कशानं पडतायत? हे डोक्यातून जातच नाही. दादाची काच दिवसातून कितीदा तरी दुर्बिणीखाली सरकवते. शेजारच्या टेबलावरचा म्हणतो, "बाई, बघून बघून झिजेल ती."

चिमटी

२ मार्च

ताई,

उत्तर नाही. नको देऊस. मी लिहीतच राहणार, तू मला ओळखतेस.

एक विचित्र गोष्ट झालीय. व्रणाजवळच्या नळ्या फिक्या, हे समजलं. पण व्रणापासून लांब, जिथे सगळं धडधाकट आहे, तिथेही रंग फिकाच. तिथला वॉचमन तर ड्यूटीवर असायला हवा. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. औषध जुनं असेल, काच जास्त तापली असेल. नव्या बाटलीतून पुन्हा केलं. शेजारी एका निरोगी किडनीचा तुकडा ठेवून त्यावरही तोच रंग टाकला. तो चांगला चहासारखा तपकिरी झाला. दादाचा पुन्हा फिका.

मॅडमनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "हा व्रणामुळे गेलेला नाही. हा पहिल्यापासूनच अर्धा होता." म्हणजे पेशीला हे प्रोटीन पुरेसं बनवताच येत नाही. जन्मजात दोष. आईकडून किंवा वडिलांकडून आलेला, रक्ताच्या तपासणीत सापडणारा. दादाच्या स्वतःच्या किडन्या मुतखड्यांनी गेल्या असं आपण इतकी वर्षं धरून चाललो, तर त्यामागेही हेच होतं की काय, असं डॉक्टरीणबाईंना वाटलं. त्यांनी लगेच दादाचं रक्त तपासायला सांगितलं. ट्यूबवर चिठ्ठी मीच चिकटवली, सुवाच्य अक्षरात, शाळेत शुद्धलेखनाला लिहायचे तसं.

निकाल यायला वेळ लागतो. तोवर जीव टांगणीला. स्वयंपाक करताना दोनदा मीठ घातलं, लेकीनं निमूट खाल्लं, त्यावरून माझी घरात काय दशा असेल ओळख. काल रिकामा ओटाच पुन्हा पुन्हा पुसत होते. बसवतच नाही कुठे.

तू कशी आहेस? बघ, विचारलं. चुकून विचारलं. खोडत नाही.

चिमटी

२१ मार्च

ताई,

निकाल आला. दादाच्या रक्तात दोष नाही. काही म्हणजे काही नाही.

जीव भांड्यात पडला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जन्मजात नाही, मग दुसरं काहीतरी असेल, शोधू, औषध बदलून बघू. दादानं दुकान अर्ध्या दिवसानं बंद केलं आणि आम्हा सगळ्यांना बाहेर जेवायला नेलं. लेकीनं दोन आइस्क्रीम हाणली. दादानं सगळ्यांसमोर पोटावर थाप मारून म्हटलं, "ताईचं काम पक्कं आहे, माझ्यासारखं तकलादू नाही." वहिनी म्हणाली, "हळू मारा, वस्तू नाजूक आहे." तुझ्यामागे तुझं नाव घेऊन आम्ही किती हसतो ते तुला ठाऊक नाही. तू असतीस तर तोंड वाकडं केलं असतंस आणि मग सगळ्यात जास्त तूच हसली असतीस.

आज मन हलकं आहे. तुझ्या नव्या टाइल्सचा फोटो कुठल्याशा जाहिरातीत बघितला. त्या निळ्या तूच केल्यास ना? हो म्हण.

तुझी,
चिमटी

२३ मार्च

ताई,

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस. बस कुठेतरी.

काल दुपारी मॅडम दादाची फाइल मिटता मिटता थांबल्या. मला म्हणाल्या, "रक्त कुणाचं पाठवलं आपण?"

"दादाचं."

"आणि काचेवर कुणाच्या पेशी आहेत?"

मी 'दादाच्या' म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

ताई, त्या तुझ्या आहेत. ती किडनी दादाच्या पोटात इतकी वर्षं आहे, दादाचं रक्त तिच्यातून फिरतंय, नाव-नंबर दादाचा आहे. पण नळ्यांच्या पेशी तुझ्याच आहेत आणि कायम तुझ्याच राहणार. दादाचं रक्त तपासून तिच्यातला जन्मजात दोष कसा सापडेल? आम्ही सगळ्यांनी चुकीच्या माणसाचं रक्त तपासलं आणि वर जेवायला गेलो. डॉक्टरीणबाईंनी डोक्याला हात लावला. मी तर जाऊन जिन्यात बसले. तुला ऑपरेशनला नेताना आठव्या महिन्याचं पोट घेऊन तुझ्या स्ट्रेचरबरोबर दारापर्यंत चालत आलेली मी. ती किडनी कुणाची, हे माझ्याइतकं जगात कुणाला माहीत होतं? आणि ट्यूबवर चिठ्ठी मीच चिकटवली.

आता सरळ लिहिते. तू दिलेल्या किडनीत दोष असेल तर तुझ्याजवळ उरलेलीतही तोच आहे. देताना तुझ्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या, कारण हा दोष तरुणपणी दिसतच नाही. उशिरा, हळूहळू दिसतो. आईच्या किडन्या शेवटपर्यंत ठणठणीत होत्या. बाबा अपघातात गेले, त्यामुळे त्यांच्या पुढे काय झालं असतं ते कुणालाच कळलं नाही. बहुधा त्यांच्याकडूनच आला असेल.

दादाला आज सकाळी सांगितलं. तो एका म्हाताऱ्या बाईच्या चष्म्याची दांडी बसवत होता. ती निघून जाईपर्यंत त्याचा हात चालू होता. मग स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून म्हणाला, "तिला कळवायचं नाही."

"दादा, तिचा जीव आहे."

"तिला वाटेल तिनं मला खराब दिली. ती ते सहन करू शकणार नाही. तिथल्या एखाद्या डॉक्टरला गाठून गुपचूप तिची तपासणी करवू. कारखान्याकडून सगळ्यांची करतात तशी. मी फोन करतो त्यांच्या मॅनेजरला."

त्याची ही खोड जायची नाही. तुझ्या काळजीनं तुझ्याचपासून गोष्टी लपवायच्या. मी म्हटलं, "दादा, तू पुन्हा फोन केलास तर मी तुझ्याशी बोलणं सोडेन, मग तुला एकही बहीण उरणार नाही." तो रडला. दुकानात, सगळे आरसे समोर असताना. मला वाईट वाटलं, तरी मी त्याचं ऐकलेलं नाही.

तुझी अट मी मोडलीय. तुला शिव्या घालायच्या तर घाल. पण रक्त तपासून घे. कुठली तपासणी ते वेगळ्या कागदावर मॅडमनी लिहून दिलंय. आणि खराब वगैरे काही नाही. त्या किडनीवर दादानं दुकान चालवलं, आपल्या दोन्ही पोरी शिकवल्या, वहिनीशी रोज भांडला. वाट कशाची बघतेयस?

चिमटी

१४ एप्रिल

ताई,

इतकी कशी तू निगरगट्ट? एक ओळ लिहायला काय होतं? कारखान्याच्या फाटकावरच्या माणसाला मी फोन केला. तू कामावर आहेस, निळ्या ओढणीत आहेस, सकाळीच कुणाला तरी झापलंस, एवढं त्यानं सांगितलं. म्हणजे जिवंत आहेस. पत्रं पोचतात का विचारलं तर म्हणाला, "घेतात बाई, पण कपाटात ठेवतात, वाचतात का ते माहीत नाही."

हे वाचत नसलीस तर मी भिंतीशी बोलतेय. वाचून गप्प असलीस तर तू दादाहून हट्टी आहेस. मला रस्त्यातून चालतानाही तुझा राग येतो. सिग्नल सुटतो आणि मी उभीच असते, मागचा माणूस खाकरतो. तू मेलीस तर मी तुला कधीच माफ करणार नाही, हे लिहून ठेवतेय.

तुझी, तरीही तुझीच,
चिमटी

१९ मे

ताई,

तुझं पाकीट पोचलं. तुझ्या तिथल्या डॉक्टरांचा रिपोर्ट आणि त्याला टाचणीनं लावलेली तुझी एक ओळ: 'दादाची अजून किती चालेल?'

अगं, तू स्वतःचा रिपोर्ट धाडतेस आणि चौकशी त्याची करतेस? दादाच्या हातात कागद दिला तर त्यानं पहिलं काय विचारलं सांगू? 'तिची कितपत काम करतेय?' तुम्ही दोघं एकाच मातीचे आहात आणि वर म्हणता, आमचं पटत नाही.

तर आता दोघांची उत्तरं ऐक. दोष आहे. तुझ्या रक्तात स्पष्ट आहे, मॅडमनी दोनदा बघितलं. दादाची जी आहे ती आणखी दोन-तीन वर्षं ओढेल, नशीब चांगलं असेल तर थोडी जास्त. तुझी अजून पुष्कळ बरी आहे. रक्तदाबाची गोळी आजपासून, तपासणी वेळच्या वेळी, आणि दुखलं-खुपलं की आपल्या मनानं वेदनाशामक गोळ्या गिळायच्या नाहीत. एवढं पाळलंस तर कदाचित म्हातारी होईपर्यंत पुरेल, कदाचित मध्येच दगा देईल. डॉक्टरीणबाईंनी खोटी आशा दाखवली नाही, मीही दाखवणार नाही.

आता मी लपवलेलं एक. जिन्यात जाऊन बसले असं लिहिलं ना, त्या दिवशी मी फक्त तुझ्यासाठी बसले नव्हते. बाबा माझेही होते. मी उठून स्वतःचं रक्त काढून घेतलं आणि घरी कुणाला सांगितलं नाही. लेकीकडे बघवत नव्हतं. माझ्यात निघालं तर तिच्यातही असायची भीती. म्हणून तुला इतकं टाकून बोलले. राग तुझ्यावर नव्हता, भीती मला होती.

माझ्यात दोष नाही. पाठोपाठ सगळ्या तपासण्या करून घेतल्या. दोन्ही किडन्या उत्तम, रक्तगट दादाशी जुळतो आणि तुझ्याशीही. तेव्हा लेक पोटात होती म्हणून माझा विचारच झाला नाही. आता ती झाड होते, मला काही अडचण नाही.

म्हणजे माझ्याकडे देण्यासारखी एक आहे आणि तुम्ही दोघं आहात. काय करू, सांग.

चिमटी

११ जून

ताई,

'दादाला दे. मी त्याला फुटकं भांडं दिलं, तू धड दे.' तुझं हे पत्र मी त्याच्या दुकानात, त्याच्यासमोर मोठ्यानं वाचलं. त्याला आवडलं नाही, पण तुमच्यातली लपवालपवी मला पुरे झालीय.

तो बराच वेळ कपड्यानं एकच काच पुसत राहिला. मग म्हणाला, "मला एक मिळून झाली. तिच्यामुळे झाली. ही दुसरी तिची."

मी म्हटलं, "तुझी आधी संपेल, दादा. तिची कदाचित कधीच संपणार नाही. मग माझी नुसती पडून राहील."

"राहू दे पडून," तो म्हणाला. "मी डायलिसिसच्या मशीनवर जाईन. लोक जातात, मरत नाहीत. मी तिथेही दोन-चार चष्मे विकेन. पण उद्या तिची गेली आणि तुझी माझ्या पोटात असली, तर मी कुठल्या तोंडानं जगू?"

मी वहिनीकडे बघितलं. तिनं डोळ्यांना पदर लावला होता, पण मान हलवली. ती हो म्हणाली, ताई. त्या बाईला आठवड्यातून तीनदा त्याला मशीनवर न्यावं लागणार आहे आणि ती हो म्हणाली.

घरी येऊन मी दोन दिवस या खोलीतून त्या खोलीत फिरत होते. दादाला आता दिली तर आत्ताचा त्रास वाचतो, समोरचा माणूस वाचतो. तुझ्यासाठी ठेवली तर जो त्रास कदाचित यायचाच नाही, त्याच्यासाठी आजचा त्रास दादानं सोसायचा. हिशेब करू पाहिला तर दादाचंच पारडं जड. डॉक्टरीणबाईही तसंच म्हणाल्या असत्या. म्हणून मी त्यांना विचारलंच नाही.

मी ठरवलंय. दादानं मागितली असती तर त्याच दिवशी टेबलावर झोपले असते. तो मागत नाही, आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यासाठी असं काहीतरी करायचंय ज्यात तुझ्या कारखान्याला फोन करावा लागत नाही. ते मी त्याच्याकडून काढून घेणार नाही. तू चिड, पत्र फाड, कपाटात कोंब. तुला विचारून ठरवलेलं नाही, तेव्हा मोडायचा हक्क तुला नाही. तू एकदा घरच्यांना न विचारता द्यायचं ठरवलंस, तेव्हा कुणी अडवलं तुला?

गोळी चालू कर. ती चालू आहे एवढंच दर महिन्याला एका ओळीत कळव, बाकी काही लिहू नकोस.

मी हल्ली मीठ कमी केलंय. डोकं दुखलं तरी गोळी घेत नाही, नवरा वैतागतो. लेकीच्या मागे सायकलवर बसायचं सोडून दिलं. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघते, मग पुन्हा एकदा बघते. माझ्या अंगात तुझं काहीतरी ठेवलेलं आहे, आणि ते तुला लागेपर्यंत मला धडधाकट राहायचंय.

तुझी,
चिमटी